व्हॅनच्या इंधन टाकीचा प्रेशर सेन्सर : बदलण्याआधी आणि बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेत पेट्रोलवर चालणाऱ्या व्हॅन वापरणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः शेवरले एक्सप्रेस घेतली आहे (तीच गाडी जीएमसी सव्हाना या नावानेही विकली जाते), कारण तिच्यात हा सेन्सर टाकीच्या डोक्यावर बसतो आणि तिथे हात पोचवणं हेच खरं काम असतं. आपल्या लोकांकडे जास्त दिसणाऱ्या ओडिसी, सिएना, ग्रँड कॅरॅव्हॅन यांच्याबद्दलही जिथे फरक पडतो तिथे लिहिलं आहे.

हा सेन्सर नेमकं काय करतो?

टाकीतल्या पेट्रोलच्या वर जी वाफ साठते, तिचा दाब हा सेन्सर मोजतो. ती वाफ हवेत सोडायची नाही असा नियम आहे. म्हणून ती कोळशाने भरलेल्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवली जाते आणि गाडी चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून इंजिनात जाळली जाते. कॅनिस्टरला बाहेरची हवा आत घेण्यासाठी दुसरा व्हॉल्व्ह असतो, तो व्हेंट व्हॉल्व्ह.

या सगळ्या बंदिस्त व्यवस्थेला कुठे गळती आहे का, हे गाडीचा कॉम्प्युटर अधूनमधून तपासतो. व्हेंट व्हॉल्व्ह बंद करायचा, पर्ज व्हॉल्व्ह उघडून इंजिनाच्या ओढीने टाकीत थोडी निर्वात स्थिती आणायची, मग दोन्ही बंद करून ती किती वेळ टिकते ते बघायचं. ते बघणारा डोळा म्हणजे हा सेन्सर. जीएमच्या (जनरल मोटर्स, शेवरले आणि जीएमसी बनवणारी कंपनी) नंतरच्या गाड्यांत ही तपासणी इंजिन बंद केल्यावर होते. गरम पेट्रोलमुळे दाब वाढतो, थंड होताना उतरतो आणि तो चढउतार मोजला जातो.

हे दाब फार छोटे असतात, त्यामुळे ते पीएसआयमध्ये न मोजता पाण्याच्या इंचांत मोजतात. २७.७ इंच पाणी म्हणजे एक पीएसआय. अशा तपासणीत दहा इंच पाणी म्हणजे भरपूर झालं. एवढ्या नाजूक मापावर कॉम्प्युटर अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे ०.०२० इंचाचं भोकही शोधतो.

एवढ्याशा वाफेसाठी इतका खटाटोप कशाला?

पेट्रोलची वाफ आणि धुराड्यातले नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरकटाचं हे कोडं १९५०च्या सुमारास कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी सोडवलं. पुढे कॅलिफोर्नियाने १९७०च्या मॉडेलपासून आणि देशाने १९७१पासून टाकीतली वाफ अडवणं सक्तीचं केलं. १९९६पासून ओबीडी-टू (गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःचे दोष शोधून कोडने सांगण्याची व्यवस्था) आलं आणि गळती शोधण्याची जबाबदारी गाडीवरच टाकली गेली. उभी गाडीसुद्धा उन्हात हवा खराब करते हे लक्षात घेतलं की हा छोटासा भाग महत्त्वाचा वाटू लागतो. मला तरी वाटतो.

चेक इंजिनचा दिवा लागला आहे. सेन्सरच गेला असेल ना?

बहुतेक वेळा नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावा आणि नेमका कोड बघा. साधा स्कॅनर फार महाग नसतो आणि सुट्या भागांची बरीच दुकानं कोड फुकट वाचून देतात. पी०४४२, पी०४५५, पी०४५६ हे गळतीचे कोड आहेत : अनुक्रमे लहान, मोठी आणि अगदी बारीक गळती. पी०४५७ बहुधा टाकीचं झाकण सैल असल्याचा. पी०४४६ आणि पी०४४९ व्हेंट व्हॉल्व्हकडे बोट दाखवतात. पी०४९६ म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह बंद असायला हवा तेव्हाही वाफ ओढली जाते आहे.

सेन्सरचे स्वतःचे कोड पी०४५० ते पी०४५४ एवढेच. त्यातही पी०४५२ म्हणजे सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार कमी, जवळजवळ शून्य. पी०४५३ म्हणजे फार जास्त, पाच व्होल्टच्या जवळ. पी०४५१ म्हणजे आकडा येतो आहे, पण त्या परिस्थितीत तो पटण्यासारखा नाही. पी०४५४ म्हणजे मधूनच तुटणारा सिग्नल.

गळतीचा कोड आला म्हणून सेन्सर बदलणं म्हणजे सायकलच्या ट्यूबला पंक्चर आहे म्हणून हवेचं प्रेशर मोजायचं मीटर बदलणं. सेन्सरने गळती सांगितली याचा अर्थ तो आपलं काम करतो आहे. तरीही हा भाग विनाकारण बदललेल्या व्हॅन पुन्हापुन्हा दिसतात. ग्राहकाचे दोन-तीन तासांच्या मजुरीचे पैसे जातात, पुढच्या आठवड्यात दिवा परत लागतो आणि मग कॅनिस्टरवर संशय सुरू होतो.

पी०४५२ मध्ये 'लो' आहे, म्हणजे टाकीत दाब कमी झाला का?

नाही, तो व्होल्टेज कमी असल्याचा कोड आहे. दाब आणि व्होल्टेज यांचं नातं कंपनीप्रमाणे उलटसुलट असतं. जीएममध्ये टाकीत निर्वात वाढली की व्होल्टेज वाढतो आणि दाब वाढला की उतरतो. फोर्डमध्ये दाब वाढला की व्होल्टेज वाढतो. एका गाडीचं ज्ञान दुसरीला लावायला गेलं की इथेच घोटाळा होतो.

माझ्या व्हॅनमध्ये हा सेन्सर कुठे असतो?

एक्सप्रेसमध्ये टाकी चॅसीच्या कडेला, चालकाच्या बाजूला लांबट आडवी बसलेली असते. सेन्सर तिच्या वरच्या अंगाला, पेट्रोल पंपाचा जो संच टाकीत उतरतो त्याच्या माथ्यावर, रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्यात, खोचलेला असतो. वर गाडीचा पत्रा आणि खाली टाकी, मधे हात जाईल एवढी जागा नाही. म्हणून टाकी खाली घ्यावी लागते.

फोर्डच्या व्हॅनमध्ये तो काही वर्षी टाकीवर, काही वर्षी वाफेच्या नळीत मधेच बसवलेला असतो. नळीतला असेल तर नशीब, टाकीला हात लावावा लागत नाही.

टोयोटा सिएनाच्या अलीकडच्या पिढ्यांत दाब मोजणारा भाग कॅनिस्टरजवळच्या छोट्या पंपाच्या संचातच असतो, तो सुटा बदलायची सोय नसते. डॉज ग्रँड कॅरॅव्हॅनच्या २००८नंतरच्या गाड्यांत तर असा तीन तारांचा सेन्सरच नाही. तिथे दाबाने उघडझाप होणारा एक स्विच आहे, ईएसआयएम नावाचा, आणि तो कॅनिस्टरला लागून असतो. त्यामुळे भाग मागवण्याआधी आपल्या गाडीच्या व्हिन क्रमांकावरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) खात्री करा. एकाच मॉडेलमध्ये वर्ष बदललं की कनेक्टरचा आकार बदललेला सापडतो.

सेन्सर खरंच बिघडला आहे हे घरी कसं तपासायचं?

आधी टाकीचं झाकण काढा. आता टाकीतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि स्कॅनरवर टाकीचा दाब बघा. तो शून्याच्या आसपास दिसला पाहिजे. व्होल्टेज दिसत असेल तर जीएममध्ये साधारण १.३ ते १.७, होंडा आणि फोर्डमध्ये अडीचच्या आसपास असतो. झाकण उघडं असताना स्कॅनर दहा इंचांची निर्वात दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलते आहे, हे नक्की.

आता दोघांत दोषी कोण ते ठरवायचं. सेन्सरला तीन तारा असतात : एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. कनेक्टरपर्यंत हात पोचत असेल तर तो काढून मल्टिमीटरने पहिल्या दोन तारांमध्ये मोजा. पाच व्होल्ट मिळाले नाहीत तर नवा सेन्सरही मुका राहणार. अनेक गाड्यांत ही पाच व्होल्टची तार आणखी काही सेन्सर मिळून वापरतात, तेव्हा सोबत भलतेच दोन-तीन कोड आले असतील तर आधी त्या सामाईक तारेचा शोध घ्या.

एक्सप्रेससारख्या गाडीत टाकी उतरवल्याशिवाय कनेक्टर हाती लागत नाही. तिथे वायरिंग आकृती घेऊन टाकीकडे जाणाऱ्या हार्नेसचा (तारांच्या जुडग्याचा) अलीकडचा, चॅसीजवळचा जोड शोधा आणि तिथे मोजा. हा अर्धा तास फुकट जात नाही. ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, न्यू जर्सीपासून मिशिगनपर्यंत, तिथे कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या सापडणं नेहमीचंच. तार आतून सडते आणि बाहेरून आवरण ठणठणीत दिसतं. कनेक्टरजवळ तार हलकेच ओढून बघा. ती रबरासारखी ताणली गेली तर आतलं तांबं तुटलेलं आहे.

तारा ठीक असतील, पाच व्होल्ट आणि अर्थिंग पोचत असेल आणि तरीही सिग्नल एका टोकाला चिकटून बसला असेल, तर सेन्सर बदला. बिनधास्त बदला.

हवा मारून तपासलं तर चालेल का?

कॉम्प्रेसरची हवा मुळीच नको. हा सेन्सर अर्ध्या पीएसआयच्या आसपासचे दाब मोजायला बनवलेला आहे आणि गॅरेजमधली हवा शंभर पीएसआयच्या घरात असते. सेन्सर तर जातोच, टाकी आणि नळ्यांचे जोडही उसवतात. गळती शोधायला गॅरेजवाले धुराचं यंत्र वापरतात, तेही एक पीएसआयपेक्षा कमी दाबाने.

गाडी चालवताना काही फरक जाणवतो का?

सेन्सर गेला तर नाही. गाडी तशीच पळते, ॲव्हरेज तसंच राहतं. म्हणूनच काही त्रास होत असेल तर तो दुसऱ्याच भागाचा समजा. पेट्रोल भरताना पंप सारखा टक टक करून बंद पडतो : व्हेंट व्हॉल्व्ह किंवा कॅनिस्टर तुंबला आहे. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुर करते : पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. झाकण उघडताना थोडा फुस्स आवाज येणं नैसर्गिक आहे, त्याला घाबरू नका.

२०११मध्ये माझदाने अमेरिकेत माझदा-६ या मोटारी परत बोलावल्या होत्या, कारण एका पिवळ्या कोळ्याने व्हेंटच्या नळीत जाळी विणली की टाकीत निर्वात वाढून टाकीला तडा जाण्याची भीती होती. कोळी आणि गांधीलमाश्या व्हॅनच्या व्हेंट नळीतही घरं करतात. टाकी उतरवण्याआधी त्या नळीचं तोंड टॉर्चने बघून घ्या.

सेन्सर बदलेपर्यंत गाडी वापरावी का?

पेट्रोलचा वास येत नसेल तर वापरा. वास येत असेल तर वापरू नका आणि घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तर उभीही करू नका.

हे काम घरी करण्यासारखं आहे का?

सेन्सर नळीत किंवा कॅनिस्टरजवळ असेल तर हो. टाकी उतरवायची असेल तर नीट विचार करा आणि खालचं वाचून मगच ठरवा.

पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि खोलगट जागी साचते. शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअसलासुद्धा तिला ठिणगी पुरते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली की ते मिश्रण पेटू शकतं. अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण पेटते ती वाफ. आणि अमेरिकेतल्या कितीतरी घरांत गॅरेजमध्येच पाणी तापवायची गॅसची टाकी असते, तिच्या तळाशी छोटी ज्योत सतत जळत असते. त्या गॅरेजमध्ये जमिनीवर झोपून पेट्रोलची टाकी उघडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हे काम बाहेर, मोकळ्या हवेत, उताराची नसलेल्या पक्क्या जागी करायचं. ड्राइव्हवेवर जागा नसेल तर हे काम करू नका. गॅरेजला द्या. त्यात कमीपणा काही नाही.

तार लावलेला जुना बल्बचा दिवा खाली नेऊ नका. तो फुटला की तापलेली तार उघडी पडते. बॅटरीवरचा सीलबंद एलईडी दिवा घ्या. पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक हाताशी ठेवा आणि एकट्याने काम करू नका. कुणीतरी नुसतं बाजूला बसलेलं असलं तरी चालेल, पण असू द्या.

एक्सप्रेसमध्ये सेन्सर बदलण्याची पद्धत सांगाल का?

चांगली तयारी आठवडाभर आधी सुरू होते. टाकी साधारण ३१ गॅलनची असते. एक गॅलन पेट्रोल जवळपास २.८ किलो भरतं, म्हणजे भरलेल्या टाकीत पेट्रोलच ८५ किलोच्या पुढे जातं. गाडी चालवून पेट्रोल पाव टाकीच्या खाली आणा. नळी घालून तोंडाने ओढण्याचा प्रकार नको, पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर माणूस दगावतो. शिवाय बऱ्याच गाड्यांच्या नरसाळ्यात नळी जाऊ नये म्हणून अडथळा असतो.

याच आठवड्यात टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टवर रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा. मिठाच्या राज्यात राहत असाल तर नवे पट्टे आणि बोल्ट आधीच आणून ठेवा. बोल्ट तुटला की ग्राइंडर किंवा गॅस कटर वापरायचा मोह होतो आणि टाकीजवळ ठिणग्या उडवायच्या नाहीत.

कामाच्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असू द्या. इंधन पंपाचा रिले काढून इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. इंधनाच्या नळीत ६० पीएसआयच्या आसपास दाब असतो, तो असा उतरतो. मग टाकीचं झाकण उघडून वाफेचा दाब जाऊ द्या, परत लावा, आणि बॅटरीची ऋण तार सोडवा.

गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवा. रिकामी एक्सप्रेस अडीच टनांच्या आसपास असते, त्यामुळे छोट्या मोटारीचे स्टँड चालणार नाहीत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. चाकांना पाचर लावा.

भरण्याच्या नळीचे आणि हवेच्या नळीचे क्लॅम्प सैल करा. इंधनाच्या नळ्यांना दाबून सुटणारे जोड असतात. त्यांच्यासाठी प्लास्टिकचं स्वस्त हत्यार मिळतं, ३/८ आणि ५/१६ इंची मापात. स्क्रूड्रायव्हरने उचकटले तर जोडाचे कान तुटतात आणि मग नवी नळी. सोडताना थोडं पेट्रोल सांडतंच, खाली कापड आणि ट्रे ठेवा. हातात नायट्राइलचे मोजे घाला.

आता टाकीखाली जॅक लावा, मधे रुंद प्लायवूड ठेवा म्हणजे वजन पसरेल. ट्रान्समिशनचा जॅक भाड्याने मिळाला तर उत्तम. पट्टे सोडून टाकी आठ-दहा इंच हळूहळू खाली घ्या. इथेच थांबा. या उंचीला हात वर जातो आणि तारांचे कनेक्टर दिसतात. टाकी पूर्ण उतरवण्याआधी ते काढले नाहीत तर टाकीच्या वजनाने ताणले जाऊन तुटतात. काढण्याआधी फोनवर फोटो काढा. कुठली नळी कुठून गेली होती हे संध्याकाळपर्यंत आठवत नाही. फोन गाडीखाली न्यायच्या आधी खालचं कापड बदला, सांडलेलं पुसा आणि वास ओसरू द्या.

कधीकधी एवढ्या जागेतच सेन्सर बदलता येतो. माझं मत विचाराल तर टाकी पूर्ण खाली घ्या. कारण पुढची पायरी घाईची नाही : सेन्सरभोवतीची माती साफ करणं. टाकीच्या माथ्यावर वर्षानुवर्षांचा चिखल, वाळू आणि मीठ साचलेलं असतं. सेन्सर उपसताच ते सगळं भोकातून टाकीत पडतं आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. ब्रश आणि ओल्या कापडाने पुसा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर इथे वापरू नका, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या असतात आणि तो वाफ थेट तिच्यावर ओढतो.

कनेक्टरची कुलूपकडी उचला. सेन्सर सरळ वर, किंचित डावी-उजवीकडे फिरवत उपसा. जुनं रबर भोकात राहिलं असेल तर तेही काढा. नवं रबर बसवा, सेन्सर शेवटपर्यंत दाबा, कनेक्टर टक आवाज येईपर्यंत लावा आणि मग एकदा मागे ओढून खात्री करा. जुनं रबर तसंच ठेवून नवा सेन्सर बसवला तर सेन्सरचा कोड जातो आणि गळतीचा येतो.

परत चढवताना कुठली नळी टाकी आणि पत्र्याच्या मधे चेमटत नाही ना, हे प्रत्येक दोन इंचांवर थांबून बघा. पट्ट्यांचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने आवळा. बॅटरी आणि रिले लावल्यावर लगेच इंजिन सुरू करू नका. चावी दोन-तीन वेळा नुसती ऑन-ऑफ करा, पंप दाब तयार करेल. तेवढ्यात खाली प्रत्येक जोडाला कोरडं कापड लावून बघा. ओलं झालं तर थांबा.

कनेक्टर सडला असेल तर?

तारांच्या शेपटीसकट नवा कनेक्टर मिळतो. पण टाकीजवळ सोल्डरिंगची इस्त्री किंवा हीट गन वापरायची नाही. हे काम टाकी लांब नेऊन ठेवल्यावर, वाफ ओसरल्यावर करा. दाबून बसणारे आणि आतून डिंक असलेले जोड चांगले. नंतर पिनांवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

आतून जमिनीचा पत्रा कापून वरून पोचता येईल का?

काही जण कापतात. खाली काही इंचांवर पेट्रोलची टाकी, वर ग्राइंडर. माझा स्पष्ट विरोध आहे. काही मिनीव्हॅनमध्ये कंपनीनेच गालिच्याखाली झाकण दिलेलं असतं, ते असेल तर आनंदाने वापरा.

टाकी उतरवलीच आहे तर पंपही बदलू का?

पंप मूळचा असेल, गाडी दीड लाख मैलांच्या पुढे गेली असेल आणि तुम्ही ती अजून काही वर्षं ठेवणार असाल, तर बदला. मजुरी तीच आहे. एरवी चालू पंपाला हात लावू नये. वाफेच्या रबरी नळ्या मात्र नक्की बघा. चिमटीत दाबल्यावर तडे दिसले तर तेव्हाच बदला.

स्वस्तातला सेन्सर घेऊ का?

मी घेणार नाही. भाग महाग नाही, तिथे पोचणं महाग आहे. वीस डॉलर वाचवण्यासाठी टाकी पुन्हा उतरवायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. गाडीच्या कंपनीचा किंवा तिला भाग पुरवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचाच घ्या, आणि पाकिटात रबर आहे का ते दुकानातच उघडून बघा.

वॉरंटीत बसेल का?

गाडी नवी असेल तर विचारा. केंद्राच्या नियमानुसार प्रदूषणाशी संबंधित भागांना दोन वर्षं किंवा २४,००० मैलांची वॉरंटी असते, कॅलिफोर्नियात तीन वर्षं किंवा ५०,००० मैल. त्याहून जुनी असेल तर खिशातूनच.

सेन्सर बदलला, आता दिवा कसा घालवायचा?

स्कॅनरने कोड पुसा आणि झाकण काढून टाकीचा दाब परत बघा, शून्याच्या आसपास हवा. पण कोड पुसला की सगळ्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात आणि गाडी नव्याने स्वतःला तपासू लागते. वाफेची तपासणी सगळ्यांत शेवटी पूर्ण होते, कारण तिच्या अटी खूप. पेट्रोल साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे हवं. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली हवी. बाहेर फार थंडी किंवा फार ऊन नको. जीएममध्ये ही मर्यादा साधारण ४ ते ३० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे मिनेसोटाच्या जानेवारीत आणि फिनिक्सच्या जुलैत गाडी तपासणी करतच नाही. अर्धी टाकी भरा, रात्री उभी करा, सकाळी सुरू करून शहरात आणि महामार्गावर नेहमीसारखी चालवा. काही दिवस लागतात.

महिनाभर भारतात जाऊन आलो. बॅटरी उतरली होती, ती बदलली आणि आता इन्स्पेक्शनमध्ये 'नॉट रेडी' म्हणतात. सेन्सर गेला का?

नाही. बॅटरी उतरली किंवा काढली की वरच्या उत्तरातल्या त्याच तपासण्या शून्यावर येतात, आणि त्या पूर्ण नसल्या की 'नॉट रेडी'. वरच्या उत्तरासारखी गाडी चालवा आणि मग परत जा. न्यू जर्सीत नव्या गाडीला पहिली पाच वर्षं सूट आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणी असते, त्यामुळे मुदत संपायच्या आठवड्यात भारतातून परत येणार असाल तर जाण्याआधीच इन्स्पेक्शन उरकून घ्या.

कॅलिफोर्नियात २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांची फक्त वाफेची तपासणी अपूर्ण असली तरी स्मॉग टेस्ट (तिथली प्रदूषण तपासणी) पास होते. या एका सवलतीने अनेकांचा जीव भांड्यात पडतो.

पेट्रोल भरताना काय काळजी घ्यावी?

पंपाने पहिल्यांदा टक केलं की थांबा. डॉलर पूर्ण करायला वरून थोडं थोडं भरत राहिलं की द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं. कॅनिस्टर फक्त वाफेसाठी आहे. भिजून कोळशाचे कण सुटतात आणि पर्ज व व्हेंट व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. आई-वडील भारतातून आले असतील आणि गाडी तेही भरत असतील, तर त्यांनाही हे सांगा. भारतातल्या पंपावर रक्कम राउंड करून भरायची सवय असते.

भारतातल्या ईकोसारख्या व्हॅनला हे लागू आहे का?

फारसं नाही. पेट्रोल गाडीला तिथेही कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह असतो, पण भारतीय नियम युरोपच्या धर्तीवर आहेत आणि त्यांत गाडीने स्वतः टाकीची गळती शोधण्याची सक्ती नाही. डिझेल व्हॅनमध्ये तर ही व्यवस्थाच नसते, डिझेलची वाफ अगदी कमी होते. तिथे गॅरेजवाला 'फ्युएल प्रेशर सेन्सर' म्हणाला तर तो इंजिनावरच्या कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या उच्च दाबाच्या नळीचा) सेन्सर समजा. तो भाग निराळा आहे, तिथले दाब हजार बारच्या वर जातात, आणि इथे लिहिलेलं काहीही त्याला लागू नाही.

कोड पुसला तरी कॅलिफोर्नियात 'परमनंट कोड' म्हणून नापास केलं. असं का?

साधारण २०१०पासूनच्या गाड्या काही कोड वेगळ्या जागी जपून ठेवतात. ते स्कॅनरने किंवा बॅटरी काढून जात नाहीत. दुरुस्ती झाल्यावर गाडीने स्वतःची तपासणी यशस्वी केली की तीच ते पुसते. कॅलिफोर्नियात २०१९च्या जुलैपासून यावर नापास करतात. मात्र कोड पुसल्यानंतर गाडी २०० मैल चालली असेल आणि १५ वेळा थंड होऊन पुन्हा गरम झाली असेल, तर तो कोड धरला जात नाही. घाईत दुसरा सेन्सर मागवू नका. आधी ते मैल पुरे करा, पेट्रोल अर्ध्या टाकीच्या आसपास ठेवा आणि मग परत जा.